पीडीबीची साइट आणि मोलस्टार व्ह्यूअर: यीस्टमधले शॅपरोन बघायचे असतील तर हेच

बायोकेमिस्ट्री किंवा बायोटेकला असाल आणि प्रोटीन फोल्डिंगच्या चॅप्टरमधल्या सपाट आकृत्या बघून डोक्यात काही शिरत नसेल तर सरळ आरसीएसबी पीडीबीची वेबसाइट उघडा. फुकट आहे, लॉगिन लागत नाही, काही इन्स्टॉल करायचं नाही. मी एमएस्सीच्या मुलांना शॅपरोन, म्हणजे इतर प्रोटीन्सना नीट घडी घालायला मदत करणारी प्रोटीन्स, शिकवते आणि हा विषय या साइटशिवाय शिकवायचा असं आता मनातसुद्धा येत नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, पीडीबी म्हणजे प्रोटीन डेटा बँक, प्रोटीनच्या थ्रीडी रचनांचा साठा, १९७१ मध्ये अमेरिकेतल्या ब्रुकहेवन लॅबमध्ये जेमतेम सात स्ट्रक्चरवर सुरू झाली, आज दोन लाखांच्या वर आहेत. युरोप आणि जपानच्या साइटवरही हाच डेटा मिळतो, पण मी रोज आरसीएसबीची वापरते म्हणून तिच्याबद्दलच लिहिते.

पहिल्यांदा जाणार असाल तर सर्चमध्ये ५व्हीजेएच (5VJH) टाका. हे यीस्टचं एचएसपी१०४ नावाचं शॅपरोन, क्रायो-ईएमने, म्हणजे गोठवलेल्या नमुन्याच्या इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपीने, काढलेलं. हे प्रोटीन काय करतं, तर उष्णतेने गोळा होऊन बसलेली प्रोटीन्स ओढून सोडवतं, त्याच्यामुळे यीस्ट कडक उष्णता सहन करून जगतं, आणि प्राण्यांच्या पेशींत हे नाहीच. आता थ्रीडीचं बटण दाबा आणि मोलस्टार, म्हणजे साइटचाच थ्रीडी व्ह्यूअर, उघडला की माउसने फिरवून बरोबर वरून बघा. सहा सारखे घटक रिंगमध्ये बसलेत असं पुस्तकात लिहिलेलं असतं, पण इथे दिसतं की ती रिंग सपाट नाहीच, जुन्या वाड्यातल्या गोल जिन्यासारखी चढत गेलीय, आणि मधल्या भोकातून केसीनचा, म्हणजे दुधातल्या प्रोटीनचा, एक धागा आरपार गेलाय! मग सिक्वेन्सच्या पट्टीत टायरोसीन २५७ (साखळीतलं २५७ नंबरचं अमिनो आम्ल) शोधून क्लिक करा, व्ह्यूअर आपोआप तिथे झूम होतो आणि आजूबाजूचे अणू उघडून दाखवतो. प्रत्येक घटकाचा तो टायरोसीन धाग्याला टेकायला आत आलेला दिसतो, खालच्या थरात तेच काम टायरोसीन ६६२ करतो, आणि धागा एका वेळी दोन अमिनो आम्ल इतका पुढे सरकतो हे ज्या पेपरात मांडलंय त्याचंच हे स्ट्रक्चर आहे. इथवर आलं की वर्गात "मॅडम, म्हणजे हे खरंच ओढतं?" असं कुणीतरी विचारतंच, आणि त्यानंतर तो तास वेगळाच होतो.

दुसरं २सीजी९ (2CG9), यीस्टचं एचएसपी९० हे शॅपरोन आणि त्याला चिकटलेलं एसबीए१ हे मदतनीस प्रोटीन, २००६ चं, क्रिस्टलवरून काढलेलं, रिझोल्यूशन ३.१ अँगस्ट्रॉम (हा आकडा जितका लहान तितकं चित्र स्पष्ट). दोन साखळ्या एकमेकींना पीळ घालून बंद झाल्यात. एटीपीच्या, म्हणजे पेशीच्या इंधनाच्या, जागी त्याच्यासारखाच पण न तुटणारा रेणू ठेवलाय, त्याच्यावर क्लिक केलं की जवळ ग्लुटामेट ३३ दिसतो आणि मधल्या भागातून लांब हात करून आलेला आर्जिनीन ३८० पण दिसतो. बंद झाल्याशिवाय एटीपी का तुटत नाही याचं उत्तर या एका आर्जिनीनमध्ये बरंचसं आहे, म्हणून हा व्ह्यू मी मुलांना दाखवतेच दाखवते. पण लक्षात ठेवा, एचएसपी९० ची शेवटची हलती शेपटी, जिला एसटीआय१ हे दुसरं मदतनीस प्रोटीन येऊन धरतं, ती या मॉडेलमध्ये नाही, आणि स्क्रीनवर काही रिकामं दिसत नाही त्यामुळे प्रोटीन तिथेच संपतं असं वाटतं. सिक्वेन्सच्या टॅबमध्ये न दिसलेले भाग वेगळे दाखवलेत, ते बघायची सवय लावाच.

आता माझी खरी तक्रार, आणि ती सीसीटी या तिसऱ्या शॅपरोनबद्दल आहे. सीसीटीमध्ये दोन रिंगा, प्रत्येकीत आठ वेगवेगळे घटक, एकूण सोळा, ॲक्टिन आणि ट्युब्युलिनची घडी हेच घालतं. हे आठही घटक इतके सारखे दिसतात की ३.८ अँगस्ट्रॉमला कुठला कोण ते ओळखणं फार अवघड, आणि यीस्टच्या २०११ च्या क्रिस्टल स्ट्रक्चरमध्ये घटकांचा जो क्रम धरला होता तो पुढे टिकला नाही. २०१२ मध्ये दोन वेगळ्या टीमनी क्रॉसलिंकिंग आणि मास स्पेक्ट्रोमेट्रीने (शेजारचे घटक रसायनाने जोडून मग ते जोड वजनावरून ओळखून) क्रम काढला, दोघींचा एकच आला, आणि २०१३ मध्ये तोच क्रिस्टल डेटा परत तपासला तर नवीनच क्रम नीट बसला. आर्काइव्हने जुनं जपून ठेवावं हे मला पटतं, पण नवख्या मुलाला कुठलं मॉडेल मागे पडलंय ते एंट्री उघडल्या उघडल्या ठळक कळायला हवं, नाहीतर तो चुकीच्या शेजाऱ्यांवर अख्खं प्रेझेंटेशन करून बसेल. म्हणून सीसीटी बघताना वर्ष आधी बघा आणि सोबतचा पेपर वाचा.

एंट्रीच्या पानावर लाल ते निळ्या पट्ट्या असतात, मॉडेल किती भरवशाचं ते सांगणाऱ्या, त्या बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. त्यातली रामचंद्रन आउटलायरची (साखळीतले न पटणारे कोन मोजणारी) पट्टी म्हणजे मद्रासच्या जी. एन. रामचंद्रन यांचं १९६३ चं काम, जगातल्या जवळपास प्रत्येक प्रोटीन मॉडेलची परीक्षा आजही त्याने होते, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

मोबाइलवर चालतं पण छोट्या स्क्रीनवर नेमका अमिनो आम्ल पकडणं त्रासाचं आहे, लॅपटॉप आणि माउसच घ्या. मोठी कॉम्प्लेक्स पण ब्राउझरमध्ये बऱ्यापैकी पटकन उघडतात. चित्र काढायला स्क्रीनशॉटचं बटण आहे, सेमिनारला तेवढं पुरतं, पण दोन स्ट्रक्चर एकमेकांवर बसवून तपशिलात काम करायचं असेल किंवा क्रायो-ईएमचा मॅप नीट हाताळायचा असेल तर कायमेराएक्स हे सॉफ्टवेअर डाउनलोड करा, शिक्षणासाठी तेही फुकट आहे. अगदी सुरुवात करणाऱ्यांनी याच साइटचा पीडीबी-१०१ विभाग आधी वाचावा, डेव्हिड गुडसेल यांनी काढलेली चित्रं तिथे आहेत आणि शॅपरोनवर वेगळं पान आहे.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा सीसीटीपायी कापला.