टपरीवरची तयार चाळिशी: घ्या, पण पारखून

मेडिकलमध्ये किंवा स्टेशनबाहेर शंभर-दीडशे रुपयांना मिळणारा तयार जवळचा चष्मा टाकाऊ नाही. लांबचं दोन्ही डोळ्यांनी स्वच्छ दिसतं, फक्त पेपर आणि सुईचं नेढं पुसट होतं, अशांचं काम तो चोख करतो. मात्र त्याच्या दोन्ही काचांचा नंबर सारखाच असतो आणि त्यात सिलिंडर, म्हणजे डोळ्याच्या असमान गोलाईसाठी लागणारा तिरपा नंबर नसतो. दोन डोळ्यांच्या नंबरात फरक असेल किंवा तिरपा नंबर असेल, तर तो घेऊ नका.

चाळिशीच्या सुरुवातीला +1.00 किंवा +1.25, पन्नाशीला +1.75 ते +2.00, साठीनंतर +2.50 बहुतेकांना पुरतो. पेपर 40 सेंमीवर धरा आणि बारीक अक्षर वाचता येईल असा सर्वांत कमी नंबर निवडा. जास्त नंबरात अक्षर मोठं दिसतं, त्याला भुलू नका. मग कागद नाकाशी आणावा लागतो आणि कॉम्प्युटरचा पडदा पुसट होतो.

आता काच पारखा. चष्मा हातभर लांब धरून दाराच्या चौकटीकडे पाहत हळूहळू हलवा. सरळ कड मध्येच लाटेसारखी वाकली तर दुसरा उचला. घरी खिडकीसमोरच्या भिंतीवर बाहेरचं उलटं चित्र पाडून बघा. +2.00 ची काच भिंतीपासून साधारण 50 सेंमीवर, +2.50 ची 40 सेंमीवर ते स्पष्ट दाखवते. दोन काचांचं अंतर वेगळं आलं, तर चष्मा परत करा. काचांचे मध्य आणि तुमच्या बाहुल्या जुळत नसतील तर नजर ओढली जाते आणि तासाभरात कपाळ ठणकतं. नंबर जेवढा मोठा, तेवढा हा त्रास जास्त.

चाळिशी लागते ती डोळ्यातलं भिंग वयानुसार कडक होतं म्हणून. गाजर, त्रिफळा किंवा डोळे फिरवण्याचे व्यायाम ते पुन्हा मऊ करत नाहीत. नैसर्गिक उपायांत खरा उपयोगी पडतो तो भरपूर उजेड: बाहुली बारीक होते आणि तोच मजकूर कमी नंबरात वाचता येतो. मध, लिंबू, एरंडेल डोळ्यात घालू नका.

साठीनंतर अचानक चष्म्याशिवाय वाचता येऊ लागलं, तर त्याचं श्रेय कुठल्याही काढ्याला देऊ नका. बहुधा मोतीबिंदू पिकत असतो किंवा साखर वाढलेली असते. आधी डोळे तपासून घ्या. काचबिंदूचा दाबही त्याच वेळी मोजून होईल. टपरीवर तो कुणी मोजत नाही.