नॉर्डिक वॉकिंगच्या काठ्या: खरी परीक्षा पट्ट्याची

स्कीपटूंच्या उन्हाळी सरावातून फिनलंडमध्ये काठ्या घेऊन चालण्याची पद्धत, म्हणजेच नॉर्डिक वॉकिंग, रुजली आणि १९९७ साली एक्सेल कंपनीने खास त्यासाठीची जोडी बाजारात आणली. दिसायला ती ट्रेकिंगच्या काठीसारखीच. म्हणूनच घेताना सर्रास चूक होते.

फरक मनगटापाशी आहे. ट्रेकिंगच्या काठीला नुसता फासा असतो, तर हिला बोटं उघडी ठेवणाऱ्या हातमोज्यासारखा पट्टा, डावा-उजवा वेगळा. हात कमरेच्या मागे गेला की मूठ सोडायची आणि पट्ट्यावर रेटा द्यायचा. पुढे येताना मूठ आपसूक तळव्यात येते. पट्टा ढिला असेल तर काठी लोंबकळते, ती सावरायला बोटं आवळली जातात आणि थोड्याच वेळात खांदे-मान भरून येतात. ‘काठ्यांनी हात दुखतात’ या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा इथेच सापडतं. त्यामुळे नळीत कार्बन किती टक्के, हे विचारण्याआधी पट्टा हातात चढवून वीस पावलं चालून बघा. मूठ सोडल्यावर काठी हाताशी राहिली नाही, तर ती जोडी परत ठेवा.

लांबीसाठी उंचीला ०.६८ ने गुणा. १६५ सेंटीमीटर उंचीला ११२ येतात. नवख्याने ११० घ्यावी. लांब काठीने खांदे वर चढतात, आखूड काठीने फारसं बिघडत नाही.

एकट्यासाठी अखंड काठी उत्तम: हलकी, न खुळखुळणारी. प्रवासाला किंवा घरात दोघांनी वापरायला सरकती घ्या, पण पिळून घट्ट करायच्या जोडापेक्षा खटक्याचा जोड बरा. पिळाच्या जोडात धूळ-ओल गेली की तो घसरतो. अशा वेळी तेल अजिबात घालू नका, आणखी घसरेल. भाग सुटे करून कोरड्या फडक्याने पुसा, वाळू द्या. नळीवरच्या ‘स्टॉप’ खुणेपलीकडे ओढलेली काठी भर चालीत निसटू शकते.

मातीवर, गवतावर उघडं धातूचं टोक. डांबरावर त्या टोकावर चढवायचा रबरी बूट, आणि त्याची चोच मागे. ती फिरून पुढे आली की काठी अडखळते. झिजलेल्या रबरातून धातू डोकावला की बूट बदला.

पहिल्या दिवशी शंभरेक पावलं काठ्या नुसत्या मागे फरफटू द्या. उजव्या पायाबरोबर डावा हात, असा उलटा हात-पाय आपोआप जुळतो. मोजून जुळवायला गेलं की बिघडतो. मग हळूहळू रेटा द्या. टोक पुढच्या पावलाच्या मागेच टेकलं पाहिजे.

या काठ्यांची खरी गोडी चारचौघांत चालताना कळते. हात गुंतलेले, त्यामुळे फोन खिशातच राहतो आणि गप्पा रंगतात. पूर्ण वाक्य बोलता येईल इतकाच वेग ठेवा. मात्र मागच्याने किमान दोन पावलांचं अंतर राखावं, नाहीतर पुढच्याचं टोक थेट नडगीवर बसतं.

तोल सांभाळायला आधार हवा असेल, किंवा उभा खडकाळ उतार असेल, तर ही जोडी नको. तिरकी मागे टेकणारी काठी ढकलते, वजन पेलत नाही.