नेळियातले २४ सोलर दिवे, चौदा महिन्यांनंतर: दिवे चांगले, सेन्सर नको

बॅटऱ्या बदलायला ६२,४०० रुपये लागतील, असं विक्रेत्याने एप्रिलमध्ये आम्हाला लेखी कळवलं होतं. आता डिसेंबर संपत आला. २४ च्या २४ बॅटऱ्या त्याच आहेत आणि एक सोडला तर सगळे दिवे उजाडेपर्यंत जळताहेत. हे सविस्तर लिहायला बसले, कारण असेच दिवे लावायला निघालेल्या आणखी दोन गावांची माणसं आमच्याकडे चौकशी करून गेली आणि दोघांनाही दुकानदाराने सेन्सरवालाच दिवा गळ्यात मारायचा घाट घातला आहे.

दांडियाबाजारातलं घर दिरांवर सोपवून आम्ही दोघं बडोद्याबाहेर, पादऱ्याच्या बाजूला राहायला आलो त्याला पाच वर्षं झाली. डांबरी रस्त्यापासून गावापर्यंत सहाशे मीटरचं नेळियुं आहे. नेळियुं म्हणजे आपली पाणंद. दोन्ही बाजूंना थोराचं, म्हणजे निवडुंगाचं, कुंपण, मधे बैलगाडीपुरती वाट, तीही शेतापेक्षा हातभर खोल. संध्याकाळी मंडळीत, म्हणजे गावच्या दूध सोसायटीत, दूध घालायला जाणारे, कारखान्यातून सुटलेले, क्लासहून परतणाऱ्या मुली, सगळे सायकलवर ह्याच वाटेने. मुलींच्या सायकली नववीत सरकारकडून मिळालेल्या, त्यांना दिवा नसतोच. थंडीत सव्वासहाला अंधार पडतो आणि त्या सातला येतात. एक मुलगी चारीत पडून तिचा हात मोडला, तेव्हा गावाने मनावर घेतलं.

विजेची लाइन ओढण्याचा खर्च विचारला आणि तो विषय तिथेच सोडला. गावाने वर्गणी काढली, आम्हीही घातली. १२ वॅटचे ऑल-इन-वन (पॅनल, बॅटरी, दिवा एकातच) दिवे, ३० वॅटचं पॅनल, लिथियम फेरो फॉस्फेट बॅटरी, पाच मीटरचे गॅल्व्हनाइज्ड खांब, दर २५ मीटरला एक. दिवा ४,९०० आणि पायासकट खांब ३,६००, म्हणजे एकूण २,०४,०००. त्या ४,९०० मधले ३०० रुपये निव्वळ सेन्सरचे. चोवीस दिव्यांचे ७,२००. हा आकडा अजून माझ्या डोक्यातून जात नाही, कारण सेन्सर घ्या असा आग्रह मीच धरला होता. कोणी नसताना मंद, कोणी आलं की प्रखर, बॅटरी वाचेल, असं मला समजावण्यात आलं आणि मला ते पटलं. तीस वर्षं बँकेत काढली आहेत, वाचवण्याची गोष्ट मला लगेच पटते.

वसुबारसेला दिवे लागले. पहिले दोन-तीन दिवस सगळं गाव नुसतं चालायला येत होतं. चालणाऱ्याला हा दिवा उत्तम आहे, ते मी आजही म्हणेन. गडबड सायकलवर बसलं की सुरू होते.

सेन्सरला खाली साधारण सहा ते आठ मीटरवरचं माणूस कळतं. चालणारा सेकंदाला सव्वा मीटर जातो, म्हणजे खांबाशी पोचायच्या पाच-सहा सेकंद आधी दिवा मोठा होतो. सायकल ताशी १५ किलोमीटरने जरी चालवली तरी सेकंदाला चार मीटर होतात. दिवा मोठा होईपर्यंत तुम्ही त्याच्या खाली असता आणि दुसऱ्या क्षणी पुढे. शिवाय हा सेन्सर आडव्या जाणाऱ्या माणसाला चटकन ओळखतो, समोरून सरळ अंगावर येणाऱ्याला उशिरा. नेळियात आडवं जाणार कोण? आणि खांब मागे पडला की तोच प्रखर दिवा पाठीवर येतो. तुमचीच लांब काळी सावली पुढच्या चाकासमोर पडते, नेमकी खड्ड्यावर. मागे दिवाळी, पुढे अंधार. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला काही मिनिटं लागतात आणि इथे दर सहा सेकंदांनी उजेड-अंधार, उजेड-अंधार. दिवे नव्हते तेव्हा निदान डोळे सरावलेले असायचे. हे मी नोव्हेंबरातच बोलून दाखवलं, तर सगळे म्हणाले, सवय होईल.

मधे उत्तरायण, म्हणजे इथली पतंगांची संक्रांत, आली आणि माझं मत दिव्यांच्या बाजूने फिरलं. दुसऱ्या दिवशी, १५ जानेवारीला, वासी उत्तरायणच्या संध्याकाळी, मी मंडळीतून परत येत होते. रस्त्यावर माणसं होती म्हणून आठ ते अकरा नंबरचे दिवे आधीच प्रखर झालेले. नऊ नंबरच्या खांबाजवळ हवेत एक बारीक रेघ चमकली. ब्रेक दाबून उतरले. खांबावरून समोरच्या थोरापर्यंत मांजा ताणलेला होता, बरोबर माझ्या गळ्याच्या उंचीवर. तो नायलॉनचा होता. २०१७ पासून देशभर बंदी आहे, तरी येतो. हाताने तुटेना, दगडावर घासून तोडला. मागून येणाऱ्या तिन्ही मुलींना थांबवलं आणि मग हातपाय थरथरायला लागले. दिव्यांसाठी दिलेली वर्गणी माझ्या लेखी त्या संध्याकाळी वसूल झाली.

त्याच खांबाच्या पॅनलवर एक फाटका पतंग चिकटून राहिला होता. पॅनलचा जेमतेम पाचवा भाग झाकला असेल, पण तो दिवा रात्री नऊलाच मान टाकायला लागला. आतले सेल एकामागोमाग एक जोडलेले असतात, एकावर सावली पडली की सगळ्या ओळीचा करंट अडतो. उत्तरायणनंतर बांबूला आकडा बांधून सगळे खांब झाडून घ्यायचे, हे तेव्हापासून ठरवलं आहे. धुळीचंही तसंच. फेब्रुवारीपासून ट्रॅक्टर कापसाच्या पळकाट्या घेऊन जायला लागले की आठवड्यात पॅनल करडं होतं. महिन्यातून एकदा ओलं फडकं फिरवावंच लागतं.

एप्रिलच्या शेवटी दिवे बिघडले. म्हणजे आम्हाला तसं वाटलं. संध्याकाळी साडेसात-आठला खालून सायकल गेली, माणूस गेलं, तरी दिवा मंदच. चोवीसपैकी वीस तरी असेच. विक्रेत्याचा माणूस आला, खालूनच वर पाहिलं आणि म्हणाला, "बेन, बॅटरी गई." सहा महिन्यांत? वॉरंटी दोन वर्षांची. तर म्हणे तुम्ही पॅनल नियमित धुतली नाहीत, बॅटरी उपाशी राहिली, हे वॉरंटीत बसत नाही. एका बॅटरीचे २,६००. खांबावर न चढता चोवीस बॅटऱ्यांचा निकाल! मी त्याला माझी वही दाखवली, त्यात पॅनल पुसल्याच्या तारखा होत्या. त्याने ती हातातसुद्धा घेतली नाही.

माझा भाचा मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. त्याला बोलावून घेतलं. तो रात्री मुक्कामाला राहिला आणि सकाळी सहाला शिडी लावून तीन दिवे उघडले. मल्टिमीटरवर १३.१, १३.१, १३.२ व्होल्ट. "मावशी, बॅटरी ठणठणीत आहे. रात्रभर जळूनही बरीच भरलेली आहे, कारण दिवा रात्री मोठा झालेलाच नाही."

मग दिवा मोठा का होत नाही? हे त्याने त्या संध्याकाळी कसं दाखवलं ते मी विसरणार नाही. आमच्या चुलीवरचं काळं पातेलं पाण्याने भरून उकळायला ठेवलं, फडक्यात धरलं आणि सात नंबरच्या खांबाखालून आडवं नेलं. मी नुसती चार वेळा गेले होते तेव्हा दिवा ढिम्म. पातेलं गेलं आणि लख्ख. सेन्सर हालचाल ओळखत नाही, उष्णतेतला फरक ओळखतो. माणसाच्या कपड्यांचा आणि कातडीचा वरचा थर ३३-३४ अंशांचा असतो. एप्रिल-मेमध्ये बडोद्यात रात्री आठला हवाही तेवढीच असते आणि दिवसभर तापलेली माती त्याहून गरम. त्या भट्टीत सेन्सरला माणूस दिसतच नाही. थंडीत त्याच्या उलट. कुत्रं, नीलगाय (इथले लोक रोझ म्हणतात), जे जाईल त्याला दिवा उजळतो.

म्हणजे दोष बॅटरीचा नव्हता, पॅनलचाही नव्हता. ह्याच जिल्ह्यात २०१५ साली नर्मदेच्या शाखा कालव्यावर १० मेगावॉटच्या सोलर प्रकल्पाचं उद्घाटन झालं. हैदराबादला २०२३ मध्ये रिंगरोडच्या कडेने २३ किलोमीटरचा सोलर छपराचा सायकल ट्रॅक झाला. सूर्यापासून वीज मिळते की नाही हा प्रश्न कधीच सुटला आहे. आमचं अडलं होतं ते दिवा कधी, किती आणि कोणासाठी जळायचा ह्यावर.

ते बदलायला रिमोट लागतो आणि तो आम्हाला दिलाच नव्हता. "ग्राहकाला रिमोट देत नाही, सेटिंगला माणूस येईल, दिव्यामागे ३५०." म्हणजे ८,४००, आणि दर वेळी. तीन आठवडे फोन केले. शेवटी उपयोगी पडलं खोकं. दिव्यांची चार खोकी मी कांदे ठेवायला जपून ठेवली होती, त्यांतल्या एकाच्या झाकणावर आतून कागद चिकटवलेला निघाला: दिवा १ नग, क्लॅम्प २ नग, रिमोट १ नग. त्याचा फोटो पाठवला आणि लिहिलं की २४ रिमोटचे पैसे आम्ही भरले आहेत, एक तरी द्या. चौथ्या दिवशी कुरियरने एक आला. बाकीचे तेवीस मी अजून मागते आहे.

रिमोट हातात आल्यावर सेन्सर बंद केला. दिवे लागल्यापासून चार तास पूर्ण, नंतर पहाटेपर्यंत पाव. हिशोब सोपा आहे: चार तासांचे ४८ वॅट-तास, उरलेल्या नऊ तासांचे २७, मिळून ७५. बॅटरी दीडशेच्या वर आहे, म्हणजे ऊन अजिबात पडलं नाही तरी दोन रात्री. सेटिंग अंधार पडता पडता करायचं, दिवसा उन्हात रिमोटचा सिग्नल वर पोचत नाही. पहिल्याच संध्याकाळी फरक कळला. २५ मीटरचं अंतर ह्या उंचीला थोडं जास्तच आहे, दोन खांबांच्या मधे उजेड विरळ होतो. पण आता तो कमी-जास्त होत नाही, जागचा हलत नाही. रस्ता सलग दिसतो, आणि खड्डा तुम्ही त्याच्यात पडण्याच्या आधी दिसतो.

जुलैत ह्या मताची परीक्षा झाली. सहा दिवस आभाळ भरलेलं होतं. चौथ्या रात्री दिवे साडेतीनला विझले, पाचव्या रात्री दोनला. सेन्सर असता तर टिकले असते, हे मान्य करते. पण रात्री दोनला नेळियात सायकल नसते. मी पूर्ण उजेड चार तासांवरून तीनवर आणला आणि पुढे भागलं.

पावसाळ्यात त्रास झाला तो किड्यांचा. आमचे दिवे ६५०० केल्व्हिनचे, निळसर पांढरे. पहिल्या पावसानंतर वाळवीचे पंखवाले किडे असे जमले की मुली तोंडाला ओढणी बांधून एका हाताने सायकल चालवत होत्या. किड्यांमागे बेडूक, बेडकांमागे साप. पिवळसर ३००० केल्व्हिनच्या दिव्याकडे किडे कमी जातात. तो किमतीला तेवढाच होता, पण विचारायचं आम्हाला सुचलं नाही.

आणखी एक. ऑल-इन-वनमध्ये पॅनल दिव्याच्याच पाठीवर असतं, त्यामुळे दिव्याचं तोंड रस्त्याकडे केलं की पॅनलही रस्ता नेईल तिकडे. आमचं नेळियुं दक्षिणोत्तर आहे, म्हणून एकही पॅनल धड दक्षिणेकडे नाही. वेगळ्या पॅनलचा दिवा थोडा महाग पडतो, पण पॅनल दक्षिणेला तोंड करून बावीस अंशांत कलतं ठेवता येतं, आणि त्यावर धूळही कमी बसते.

तालुक्याच्या एका अधिकाऱ्यांनी मला विचारलं, बेन, पाच पैकी किती मार्क द्याल? सेन्सर चालू असताना दोन दिले असते. आज चार देते, विक्रेत्याला एकही नाही.

तळ्यापर्यंतच्या पुढच्या चारशे मीटरसाठी सरपंचबेनने भाव मागवले आहेत. मी त्यांना कागदावर लिहून दिलं आहे: पिवळा उजेड, पॅनल वेगळं, खांब वीस मीटरवर, आणि रिमोट हातात पडल्याशिवाय शेवटचा हप्ता नाही. सतरा नंबरचा खांब मात्र कडुलिंबाखाली आहे, तो अजूनही दहाला विझतो. फांदी तोडायला शेतमालक तयार नाहीत आणि मलाही ती तोडावीशी वाटत नाही. संक्रांत झाली की खांबच चार मीटर पुढे सरकवायचा आहे, पायाचे ९०० रुपये बाजूला काढून ठेवले आहेत.