कधीच दाखल न झालेले आय-१४०

अमेरिकेत एच-१बी व्हिसावर काम करणाऱ्या आणि कंपनीमार्फत ग्रीन कार्ड मिळण्याची वाट पाहणाऱ्या मराठी मंडळींसाठी हा अनुभव लिहीत आहे. मी ज्या छोट्या आयटी कन्सल्टन्सीत नोकरीला होते, तिच्या मालकांनी माझी ग्रीन कार्डची प्रक्रिया सुरू केल्याचे सांगून जवळपास तीन वर्षे माझ्याकडून पैसे घेतले आणि पुढे आय-१४० (ग्रीन कार्डसाठी कंपनीने सरकारकडे करायची याचिका) मंजूर झाल्याचेही कळवले. प्रत्यक्षात सरकारदरबारी माझ्यासाठी एकही अर्ज दाखल झालेला नव्हता. तक्रारीची चौकशी चालू असल्यामुळे कंपनीचे नाव येथे देत नाही. तसेही नावापेक्षा हा प्रकार कसा चालतो ते समजणे अधिक उपयोगाचे आहे, कारण अशी कंपनी ही एकटीच असेल यावर माझा विश्वास नाही.

अशी फसवणूक इतका काळ खपून जाते, याचे कारण प्रक्रियेच्या रचनेतच आहे. ग्रीन कार्ड आपल्याला मिळणार असले, तरी त्याचे पहिले दोन टप्पे कायद्याने मालकाचे असतात. पर्म, म्हणजे या पदासाठी योग्य अमेरिकी कामगार मिळत नाही हे दाखवणारा अर्ज, कंपनी श्रम खात्याकडे करते आणि आय-१४० ही याचिका कंपनी यूएससीआयएसकडे, म्हणजे अमेरिकेच्या नागरिकत्व व स्थलांतर खात्याकडे करते; वकील बहुतेक वेळा कंपनीचा असतो, पत्रव्यवहार त्याच्या पत्त्यावर येतो आणि मंजुरीची मूळ प्रतही तिकडेच जाते. आपल्या हातात थेट येणारा अर्ज म्हणजे शेवटचा, प्रत्यक्ष ग्रीन कार्डसाठीचा आय-४८५, आणि भारतात जन्मलेल्यांच्या बाबतीत तो भरण्याची वेळ यायला कित्येक वर्षे जातात, कारण रोजगाराधारित ग्रीन कार्डांवर प्रत्येक देशासाठी सात टक्क्यांची मर्यादा आहे. म्हणजे काहीही न करता ‘सगळे सुरळीत चालू आहे’ असे सांगत राहायला मालकाला भरपूर मोकळा काळ मिळतो.

माझ्या बाबतीत सुरुवात पैशांपासून झाली. एच-१बीचे पहिले एक्स्टेन्शन मिळाल्यावर मालकांनी बोलावून सांगितले, की कंपनी ग्रीन कार्ड करायला तयार आहे, पण जाहिराती, वकील आणि सरकारी शुल्क यांचा खर्च कर्मचाऱ्याने उचलायचा, अशी आमच्याकडे पद्धत आहे. दरमहा ५०० डॉलर ठरले. ही रक्कम पगारातून कापली जात नसे, त्यामुळे पे-स्टबवर, म्हणजे पगाराच्या पावतीवर, तिची कुठलीही खूण नव्हती. पगार पूर्ण जमा होई आणि दोन दिवसांत मला झेलवरून (बँक खात्यातून थेट पैसे पाठवण्याची सेवा) मालकांच्या एका नातेवाइकांच्या खात्यात पैसे पाठवावे लागत. शेऱ्याच्या जागी ‘लोन’ असे लिहायला सांगितले होते. उद्या कोणी विचारलेच, तर अडचणीत असलेल्या कर्मचाऱ्याला उसने दिलेले पैसे परत येत आहेत असे दिसावे, ही त्यामागची व्यवस्था होती, आणि ती माझ्यासाठी नव्याने केलेली नव्हती हे तिच्या सफाईवरूनच कळत होते.

नियम याच्या नेमका उलट आहे. १६ जुलै २००७ पासून लागू असलेल्या श्रम खात्याच्या नियमानुसार पर्मसाठी कंपनीच्या वकिलाची फी आणि जाहिरातींचा खर्च मालकानेच करायचा असतो. तो कर्मचाऱ्याकडून पगारकपातीने, रोखीने किंवा आणखी कोणत्याही मार्गाने वसूल करता येत नाही. आय-१४० आणि आय-४८५ यांचे शुल्क कर्मचाऱ्याने भरण्यास तशी बंदी नाही, आणि फसवणारे नेमका याच फरकाचा फायदा घेतात. ‘ग्रीन कार्डचा खर्च’ असा एकच मोघम आकडा सांगितला, की त्यातले काय कायदेशीर आणि काय बेकायदा हे विचारायची सोय उरत नाही.

त्यानंतर उत्तरे यायची ती ठरावीक. फाइल प्रोसेसमध्ये आहे. प्रेव्हेलिंग वेज (त्या पदासाठी श्रम खात्याने ठरवलेला प्रचलित पगार) यायचे आहे. वकिलांना सारखे विचारले की त्यांना राग येतो. यातले कोणतेही वाक्य तसे खोटे वाटण्याजोगे नव्हते, कारण श्रम खात्याकडून प्रेव्हेलिंग वेज ठरवून यायला खरोखरच काही महिने लागतात आणि अलीकडे तर पर्मच्या निर्णयाला वर्षाहून अधिक काळ लागलेला आहे. सरकारी विलंब इतका सर्वांच्या परिचयाचा आहे, की त्याच्या आडोशाला काहीही लपवता येते. एके दिवशी मालकांचा फोन आला, की तुझे पर्म झाले आणि पाठोपाठ आय-१४० सुद्धा मंजूर झाले, अभिनंदन. आम्ही घरी ते साजरे केले.

बिंग फुटले ते माझ्या पतीच्या वर्क परमिटमुळे. एच-१बीधारकाचे आय-१४० मंजूर असेल, तर एच-४ व्हिसावरील जोडीदाराला ईएडी, म्हणजे हे वर्क परमिट, मिळू शकते; हा नियम २६ मे २०१५ पासून आहे. अर्जासोबत आय-१४० मंजुरीचा पुरावा जोडावा लागतो, म्हणून मी मंजुरीपत्राची प्रत मागितली. आधी सांगण्यात आले, की ती कंपनीची गोपनीय कागदपत्रे असल्यामुळे देता येत नाहीत. एवढे मात्र खरे, की मालकावर ती प्रत देण्याची सरसकट सक्ती नाही आणि काही मोठ्या कंपन्याही देत नाहीत. मी किमान रिसीट नंबर तरी द्या, असे धरून बसले, तेव्हा बऱ्याच दिवसांनी एक स्कॅन आले.

ते स्कॅन आम्ही ईएडीच्या कामासाठी नेमलेल्या स्वतंत्र वकीलबाईंना पाठवले. त्यांनी ते पडद्यावर मोठे करून आम्हाला एकेक जागा दाखवली. कागद आय-७९७ नोटिशीचाच, म्हणजे यूएससीआयएस ज्यावर मंजुरी कळवते त्या पत्राचाच होता, पण तळाचा भाग कापलेला होता आणि कापलेल्या कडेला एका तुटक रेषेचा अर्धवट तुकडा राहून गेला होता. एच-१बी एक्स्टेन्शनच्या मंजुरीपत्राला खाली आय-९४ (देशात राहण्याची मुदत दाखवणारी नोंद) जोडलेला असतो, तो फाडून घेण्यासाठी असलेली ही रेषा. आय-१४०च्या मंजुरीला आय-९४ नसतो, त्यामुळे तिथे ती असण्याचे कारणच नाही. प्रायॉरिटी डेटच्या, म्हणजे ग्रीन कार्डच्या रांगेतली जागा ठरवणाऱ्या तारखेच्या, चौकटीत तारीख होती, पण तिचे आकडे शेजारच्या आकड्यांहून किंचित जाड आणि रेषेच्या जरा वर बसलेले होते. मग त्यांनी रिसीट नंबर, म्हणजे तीन अक्षरे आणि दहा आकडे, यूएससीआयएसच्या केस स्टेटसच्या पानावर टाकला. तो अस्तित्वात होता, मंजूरही होता. मात्र मंजूर झालेला अर्ज फॉर्म आय-१२९ असल्याचे तिथे स्पष्ट लिहिले होते. आय-१२९ म्हणजे एच-१बीचीच याचिका. माझ्या कोणत्याही मंजुरीपत्रावर तो नंबर नव्हता, तेव्हा दुसऱ्या कोणाचा तरी कागद घेऊन त्यावर माझे नाव चढवले गेले असणार. ते पत्र जोडून ईएडीचा अर्ज गेला असता, तर बनावट कागद सरकारला दिल्याचे बालंट आमच्या दोघांवर आले असते आणि त्याचे परिणाम पुढच्या प्रत्येक अर्जावर झाले असते.

पर्मचा शोध घेणे त्यामानाने सोपे निघाले. ज्या पर्म अर्जांवर निर्णय झाला आहे त्यांची माहिती श्रम खाते आपल्या संकेतस्थळावर वेळोवेळी जाहीर करते. तीत कर्मचाऱ्याचे नाव नसते, पण कंपनी, पद, कामाचे ठिकाण आणि पगार असतो. मालकांनी सांगितलेल्या काळातील याद्या वकीलबाईंनी चाळल्या. आमच्या कंपनीच्या नावावर त्यांत एकही नोंद नव्हती, म्हणजे माझ्याबरोबर पैसे भरणाऱ्या बाकीच्यांचेही मंजूर पर्म त्यांत नव्हते.

गेलेल्या पैशांपेक्षा मोठे नुकसान प्रायॉरिटी डेटचे झाले. पर्म ज्या दिवशी श्रम खात्याकडे दाखल होते, ती तारीख म्हणजे रांगेतली आपली जागा. नोकरी बदलली तरी, आय-१४० एकदा मंजूर झालेले असेल, तर साधारणपणे ती जागा आपल्यासोबत येते. जे दाखल झालेच नाही त्याची तारीख कोणतेही न्यायालय मागाहून देऊ शकत नाही. शिवाय एच-१बीला एकूण सहा वर्षांची मर्यादा आहे. ती ओलांडायची तर पर्म किंवा आय-१४० दाखल होऊन ३६५ दिवस उलटलेले असावे लागतात, तेव्हा एकेक वर्षाची मुदतवाढ मिळते. किंवा आय-१४० मंजूर असून केवळ देशनिहाय मर्यादेमुळे रांगेत थांबावे लागत असेल, तर तीन वर्षांची मिळते. म्हणूनच जाणकार पाचवे वर्ष संपण्याआधी पर्म दाखल करून घ्या असे सांगतात. मला सत्य समजले तेव्हा सहावे वर्ष लागले होते. नव्या कंपनीने व्हिसा ट्रान्सफर करून तातडीने प्रक्रिया हाती घेतली आणि भारतात सुट्टीवर घालवलेले दिवस मुदतीत परत जोडून मिळाले, तरीही सहा वर्षे संपण्याआधी ३६५ दिवसांचा मेळ बसला नाही. सध्या मी त्याच कंपनीचे काम भारतातून करत आहे आणि ३६५ दिवस पूर्ण होण्याची वाट पाहत आहे.

या प्रक्रियेत असलेल्यांनी मालकाच्या तोंडी आश्वासनांपेक्षा स्वतःकडे काय मागितले जाते आहे याकडे लक्ष द्यावे, असे मला वाटते. खऱ्या पर्मसाठी आधीच्या नोकऱ्यांची अनुभवपत्रे लागतात, कारण पात्रता त्यांवरच सिद्ध करायची असते. कामाच्या ठिकाणी दहा कामकाजाचे दिवस एक सूचना लावावी लागते, रविवारच्या वर्तमानपत्रांत दोन जाहिराती येतात आणि राज्याच्या रोजगार यंत्रणेकडे ३० दिवसांची जॉब ऑर्डर, म्हणजे त्या पदाची नोंद, असते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मंजूर झालेल्या पर्मवर आय-१४० दाखल करण्यापूर्वी कर्मचाऱ्याची स्वतःची सही घ्यावी लागते आणि हे सगळे १८० दिवसांच्या आत करायचे असते. माझ्याकडे ना अनुभवपत्रे मागितली गेली, ना कधी सही. आय-१४० मंजूर झाल्याचे कळले आणि आपण पर्मवर सही केल्याचे आठवत नसेल, तर त्याच दिवशी स्वतःच्या खर्चाने वेगळा वकील गाठावा; राज्याच्या बार असोसिएशनच्या किंवा न्यायालयाच्या संकेतस्थळावर त्याचा परवाना चालू आहे की नाही हे काही मिनिटांत पाहता येते.

एच-१बीवरील पगाराच्या बेकायदा वसुलीची तक्रार श्रम खात्याच्या वेज अँड अवर विभागाकडे डब्ल्यूएच-४ या फॉर्मवर करता येते. त्यासाठी उल्लंघनापासून १२ महिन्यांची मुदत असते, आणि तक्रार केली म्हणून मालकाने सूड उगवणे कायद्याने निषिद्ध आहे. पर्मच्या नावाने झालेल्या लबाडीची माहिती श्रम खात्याच्या महानिरीक्षक कार्यालयाला देता येते. मी दोन्ही केले. झेलच्या नोंदींवर ‘लोन’ असे लिहिलेले असले, तरी प्रत्येक रक्कम पगार जमा झाल्यावर दोनच दिवसांत त्याच खात्यात गेलेली दिसते, आणि कर्ज दिल्याचा एकही कागद मालकांना अजून दाखवता आलेला नाही. माझ्या आधीच्या सहकाऱ्यांपैकी दोघांनी आपापली बँक स्टेटमेंटे तपास अधिकाऱ्यांकडे दिली आहेत. बाकीचे अजून तिथेच काम करत आहेत आणि त्यांना सांगण्यात आले आहे, की फाइल प्रोसेसमध्ये आहे.