फ्रीजरला गोठवू न देणारा जुगाड: घरी बनवलेल्या बीअरच्या नळाचा दीड वर्षाचा रिव्ह्यू

निकाल आधीच सांगून टाकतो, पाचापैकी चार. एक मार्क ओलाव्याने खाल्ला, त्याचं रडगाणं खाली आहे.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी, वरून झाकण उघडणारा चेस्ट फ्रीजर घ्यायचा, आत बीअरचे केग (स्टीलची उभी बंद पिंपं) उभे करायचे, त्यांना कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर जोडायचा आणि बाहेरून नळ काढायचे, बास. याला कीझर म्हणतात. गंमत अशी की ज्या मशीनचा जन्मच उणे 18 डिग्रीसाठी झालाय त्याला आपण कायम 3-4 डिग्रीवर अडवून धरतो, त्याला त्याचं काम करूच देत नाही. त्याच्या स्वतःच्या थर्मोस्टॅटला हे जमत नाही म्हणून बाहेरून कंट्रोलर लागतो. मी इंकबर्डचा आयटीसी-308 लावलाय, वायरिंगची कटकट नाही, फ्रीजरची पिन त्याच्यात आणि त्याची पिन भिंतीत. 3.5 डिग्री सेट, फरक दीड डिग्रीचा (तेवढं वर गेलं की मशीन सुरू), कॉम्प्रेसर डीले 5 मिनिटं, म्हणजे बंद झालेला कॉम्प्रेसर लगेच परत सुरू होऊन स्वतःची वाट लावून घेत नाही. सेन्सर मात्र हवेत लोंबकळत ठेवू नका, केगच्या पोटाला चिकटवा आणि वरून फोमचा तुकडा लावा. हवेत ठेवला की झाकण उघडलं रे उघडलं की मशीन सुरू.

माझ्याकडून एकदा केग बदलताना सेन्सर बाहेर राहिला, झाकण लावलं आणि झोपलो. सेन्सरला खोलीची हवा लागतेय, त्याला वाटतंय अजून गरमच आहे, फ्रीजर बिचारा रात्रभर चालतोय. साधी 5 टक्क्यांची बीअर उणे 2-3 डिग्रीच्या आसपास गोठायला लागते. सकाळी नळ उघडला तर एक थेंब नाही, केग हलवला तर आत दगड फिरल्यासारखा आवाज. वितळायला दोन दिवस गेले, प्यायलो आम्ही ती, पण मजा नाही आली.

आता सांगाड्याबद्दल. फ्रीजरच्या भिंतीला ड्रिल लावायचा विचार डोक्यात आला असेल तर तो तिथेच सोडा, बहुतेक चेस्ट फ्रीजरमधे गॅसच्या कॉइल पत्र्याच्या आतून फिरवलेल्या असतात आणि बाहेरून काही कळत नाही, एक भोक चुकलं की मशीन भंगारात. म्हणून सगळे लाकडी चौकट बनवतात, ती फ्रीजरच्या तोंडावर बसते, झाकण तिच्यावर, आणि नळ त्या लाकडातून बाहेर. शिवाय आत उंची वाढते ते वेगळंच. 19 लिटरचा कॉर्नी केग 63 सेंमीच्या आसपास उंच, त्यावर नळीचे कनेक्टर, त्यामुळे ही उंची लागतेच. रुंदीसाठी पुठ्ठ्याचे 23 सेंमी व्यासाचे गोल कापा आणि दुकानात सरळ फ्रीजरमधे ठेवून बघा, लोक बघतील, बघू देत. लिटरच्या आकड्यावर जाऊ नका, आत कॉम्प्रेसरचा जो उंचवटा असतो तो एका केगची जागा खातो (सिलिंडर मात्र तिथे छान बसतो).

मी केलेली सगळ्यात मोठी चूक म्हणजे चौकट सिलिकॉनने फ्रीजरच्या अंगाला चिकटवली. दिसायला भक्कम, पण भरलेला केग 23-24 किलोचा होतो आणि तो आता दर वेळी त्या चौकटीवरून उचलून आत सोडावा लागतो, माझी कंबर मला रोज शिव्या देते. माझ्या मेव्हण्याने नंतर बनवला तेव्हा त्याने चौकट झाकणालाच जोडली, झाकण उचललं की नळांसकट सगळं वर जातं आणि केग पूर्वीच्याच उंचीवरून आत. भाऊजी तुमच्या कंबरेच्या कृपेने शिकलो म्हणतो. तसंच करा. चौकटीच्या आतून जाड फोम मात्र लावाच, नुसतं लाकूड गारवा धरत नाही.

आणि आता खरा विषय, नळी. लोक फ्रीजर, नळ, रंगरंगोटी यावर आठवडा घालवतात आणि बीअरची नळी अंदाजाने कापतात. मीही तेच केलं, आत गुंतवळ नको म्हणून दीड मीटर. पहिला ग्लास काय आला सांगू, तीन चतुर्थांश फेस आणि तळाला बोटभर बीअर. मग सगळे करतात तेच केलं, गॅसचा दाब उतरवला. दोन दिवस बरं वाटलं आणि आठवड्यात बीअर मेली, कारण कमी दाबात तिच्यातला गॅस हळूहळू बाहेर येतो. दाब बीअरसाठी असतो, आपल्या सोयीसाठी नाही, 3-4 डिग्रीला 11-12 पीएसआय (दाब मोजायचं एकक, टायरच्या हवेला असतं तेच) म्हणजे तेवढाच ठेवायचा आणि तो दाब नळीत घासून घासून संपवायचा, म्हणजे ग्लासात बीअर धावत न येता चालत येते. आतून 4.8 मिलिमीटरची नळी घेतली आणि 3 मीटर लावली, सेम केग, सेम दाब, आणि फेस बोटभर. एवढ्याशा नळीने एवढा फरक. आधी लांब लावा मग हवी तर कापा, कापलेली लांब होत नाही.

तरी पहिला ग्लास फेसाळ येत असेल तर दोष वरच्या गरम हवेचा. गार हवा तळाला बसते, नळ वर, त्यामुळे नळात थांबलेली बीअर कोमट होते. कॉम्प्युटरमधला 12 व्होल्टचा छोटा पंखा आत लावला, हवा खालीवर फिरली, प्रॉब्लेम बराचसा गेला.

गॅसच्या मीटरवर विश्वास ठेवू नका, म्हणजे सिलिंडरच्या बाजूच्या. आत द्रव आहे तोवर काटा फक्त तापमान सांगतो, गार जागी ठेवला की काटा खाली येतो आणि आपण घाबरतो, आणि खरंच संपत आला की एकदम धाडकन पडतो. वजन करा. नवीन जोड केला की साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघायचे, मी एकदा आळस केला आणि भरलेला सिलिंडर एका रात्रीत रिकामा. आणि हे गंमतीत घेऊ नका, हा गॅस हवेपेक्षा जड असतो, फ्रीजरच्या तळाशी साचतो, गळती झालीय असं वाटलं तर खिडक्या उघडा आणि डोकं आत घालून वास घेत बसू नका.

ओलावा. हां. चेस्ट फ्रीजरमधे पाणी बाहेर जायची सोयच नसते, झाकण उघडलं की दमट हवा आत, मग तळाला तळं. पहिल्याच पावसाळ्यात चौकटीच्या कोपऱ्यात काळी बुरशी. सिलिका जेलची पिशवी ठेवतो, दर पंधरवड्याला सुकवतो, तरी फडकं मारावं लागतंच. एक मार्क गेला तो इथे.

पंधरवडा म्हटलं की नळ्याही आल्या. दर 14 दिवसांनी क्लीनर फिरवायचा, नाहीतर बीअरला आंबूस वास येतो आणि आपण बीअर बनवणाऱ्याला शिव्या घालतो. नळ घेताना पुढून बंद होणारा घ्या, मागून बंद होणाऱ्यात बीअर सुकते आणि दोन दिवस वापरला नाही तर दांडा चिकटून बसतो, माझे पहिले दोन तसलेच होते, बदलले.

चौथ्या नळावर सध्या साधा सोडा आहे. त्याला दाब 30 पीएसआयच्या आसपास लागतो म्हणून वेगळा रेग्युलेटर आणि सात-आठ मीटर नळी गुंडाळून ठेवलीय. आई बीअरच्या नावाने नाक मुरडते, पण दुपारी लिंबू पिळून दोन ग्लास तिचेच असतात, आणि तो केग सगळ्यात आधी संपतो.