स्पिरुलिना घेतल्यावर साखर आणि कोलेस्टेरॉलचं काय झालं: माझा आठ महिन्यांचा अनुभव

जानेवारीच्या तपासणीत एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी तपासणी) ७.४ आलं, एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल १४२ आणि ट्रायग्लिसराइड्स, म्हणजे रक्तातली दुसरी चरबी, २१२. मधुमेहाची गोळी, मेटफॉर्मिन, चार वर्षांपासून चालूच आहे. डॉक्टर म्हणाले, कोलेस्टेरॉलची गोळीही आता सुरू करू. आणखी एक गोळी जन्माची मागे लागणार या विचारानंच मी धास्तावले आणि तीन महिने मागून घेतले. धाकट्या जावेनं त्याच सुमारास स्पिरुलिनाचं, म्हणजे पाण्यात वाढणाऱ्या निळ्या-हिरव्या शेवाळाच्या पावडरीचं किंवा गोळ्यांचं, नाव काढलं होतं. डॉक्टरांना विचारलं. रक्त पातळ करायचं औषध चालू नाही ना, लिव्हर-किडनीचे रिपोर्ट बरे आहेत ना, एवढं बघून ते म्हणाले, "घ्या, पण मेटफॉर्मिनला हात लावायचा नाही."

५०० मिलिग्रॅमच्या चार गोळ्या, दोन सकाळी, दोन रात्री. दिवसाला २ ग्रॅम. हा आकडा मी मनानं ठरवला नव्हता. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातल्या संशोधकांनी टाइप २ मधुमेहाच्या २५ जणांचे दोन गट करून, एका गटाला दोन महिने रोज २ ग्रॅम स्पिरुलिना दिलं होतं. २००१ साली ते छापून आलं. साखर आणि रक्तातली चरबी, दोन्ही उतरल्याची नोंद त्यात आहे. माणसं फारच थोडी, हे खरं. पण आपल्यासारखं जेवणाऱ्या लोकांवरचा अभ्यास म्हणून मला भरवसा वाटला.

आधी पावडर आणली होती. पाण्यात घातली की गुठळ्या होऊन वर तरंगते, चमच्याला चिकटते, आणि वास अगदी हिरव्या पडलेल्या हौदाचा. ताकात घालून चार दिवस कशीबशी घेतली. थालीपिठाच्या पिठात मिसळली तर थालीपीठ काळपट हिरवं झालं, घरात कुणी तोंड लावलं नाही. मग गोळ्यांवर आले. एक गोळी रात्री वाटीभर पाण्यात टाकून ठेवली होती, सकाळी पाहते तर गोळीभोवतीचं पाणी चक्क निळं, शाईसारखं! तो फायकोसायनिन नावाचा रंग, पाण्यात सहज उतरतो. वाटीत उकळतं पाणी ओतलं तशी निळाई बघता बघता फिकी पडली. स्पिरुलिनाच्या गुणांचं बरंचसं श्रेय याच रंगाला देतात, म्हणून पावडर तव्यावर किंवा गरम दुधात घालण्यात मला अर्थ दिसत नाही.

प्रथिनांचं मात्र नीट समजून घ्या. डब्यावर ६० टक्के प्रथिनं लिहितात, ते खोटं नाही. पण २ ग्रॅमचे ६० टक्के म्हणजे सव्वा ग्रॅमसुद्धा नाही, आणि एका अंड्यात सहा ग्रॅम असतात. शाकाहारी मंडळी बी१२ साठी हे घेतात, त्यांनी तर घेऊच नये. यातलं बरंचसं बी१२ माणसाच्या शरीराला उपयोगी पडणाऱ्या प्रकारचं नसतं.

एप्रिलमध्ये एचबीए१सी ७.२, एलडीएल १३१, ट्रायग्लिसराइड्स १६८. त्या दिवशी मला फार आनंद झाला होता. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर आठवलं, याच तीन महिन्यांत मी जेवणानंतर चाळीस मिनिटं चालायला लागले होते आणि संध्याकाळच्या चहाबरोबरची खारी-बिस्किटं बंद केली होती. मग गुण नेमका कशाचा? डॉक्टरांकडून आणखी तीन महिने मागून घेतले, गोळ्या थांबवल्या आणि चालणं तसंच ठेवलं. जुलैमध्ये एचबीए१सी ७.२ च, एलडीएल १३४, ट्रायग्लिसराइड्स १७४. म्हणजे गोळ्या बंद करूनही फारसं काही मागे गेलं नाही. माझ्यापुरतं तरी जे उतरलं ते बहुतेक चालण्यानं उतरलं.

जुलैतच मी कोलेस्टेरॉलची गोळी सुरू केली, अटोर्व्हास्टॅटिन १० मिलिग्रॅम. सप्टेंबरमध्ये एलडीएल ८३. जिला मी सहा महिने टाळत होते, तिनं दोन महिन्यांत एवढं केलं.

हे सगळं इतकं सविस्तर लिहितेय ते माझ्या बहिणीमुळे. एका प्रदर्शनातल्या स्टॉलवर स्पिरुलिनाचा डबा दाखवून तिला सांगितलं गेलं, "हे घ्या, महिन्याभरात साखरेच्या गोळ्या सुटतील." तिनं कुणाला न विचारता मेटफॉर्मिन बंद केलं. पाचव्या आठवड्यात तोंडाला कोरड पडायला लागली, रात्री चार-चार वेळा उठणं सुरू झालं. उपाशीपोटीची साखर २८६ निघाली. मला आजही त्याचा राग येतो. त्याच डब्यावर बारीक अक्षरात "औषधी वापरासाठी नाही" असं छापलेलं होतं!

तरीही कुणाला घ्यायचंच असेल तर एफएसएसएआयचा (सरकारी अन्नसुरक्षा संस्थेचा) चौदा आकडी परवाना क्रमांक बघा आणि सुटी, बिननावाची पावडर आणू नका. घाण पाण्यात वाढवलेल्या मालात जड धातू किंवा लिव्हरला घातक विष येऊ शकतं. रुमेटॉइड संधिवातासारखा रोगप्रतिकारशक्तीचा आजार असेल किंवा फिनाइलकीटोन्युरिया (प्रथिनांतला एक घटक शरीराला पचवता न येण्याचा जन्मजात आजार) असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच. सुरू करायच्या आदल्या दिवशी रक्त तपासा, तीन महिन्यांनी पुन्हा तपासा, आणि त्या काळात दुसरं काही बदललं असेल तर वहीत टिपून ठेवा.

१२० गोळ्यांची बाटली मला साडेसातशेला पडायची, महिनाभर पुरायची. पोटाला किंवा आणखी कशाला त्रास काही झाला नाही. शेवटची बाटली संपली, नवी आणलेली नाही. रात्रीचं चालणं चालू आहे, आता बहीणही बरोबर येते.