पिकअपवरचा रॅक आणि 'हेवी पाइप'ची टोपी

पिकअपच्या हौदावर क्रेट, शिड्या, पाइप लादायला लोखंडी रॅक करून घेताना कोटेशनवर हमखास एक ओळ असते : '40×40 हेवी पाइप, ठोक भाव', म्हणजे वजन न धरता सगळ्या कामाचा एकच आकडा. टोपी इथेच घातली जाते. 40×40 हे मिलिमीटरमधलं बाहेरचं माप झालं. 'हेवी' हे कसलंच माप नाही. वजन ठरतं ते गेजवर, म्हणजे पाइपच्या पत्र्याच्या जाडीवर; गेजचा आकडा मोठा तेवढा पाइप पातळ. 14 गेजची (2 मिमी) 6 मीटरची लेंथ सुमारे सव्वाचौदा किलो भरते, 16 गेजची (1.6 मिमी) साडेअकरा आणि 18 गेजची (1.2 मिमी) पावणेनऊ. रंग मारला की तिन्ही जुळी भावंडं. 9 बाय साडेपाच फुटी हौदाला सहा खांब धरून साधारण पाच लेंथ लागतात. 14च्या पैशांत 18 लावली की सत्तावीस किलो लोखंडाचे पैसे परस्पर गायब.

मागचा खांब सुटलेला असा एक रॅक कापल्यावर आतला कारभार दिसला. उघड्या तोंडांवर प्लॅस्टिकच्या टोप्या ठोकलेल्या, म्हणजे जाडी दिसायलाच नको. खांबाच्या बुडाशी चार बाजूंपैकी दोनच बाजूंना वेल्डिंगचे ठिपके, उरलेल्या फटीत पुट्टी, वर ग्राइंडर आणि काळा रंग. कारण साधं आहे : 1.2 मिमी पाइपवर 3.15 मिमीचा वेल्डिंग रॉड चालवला की भोक पडतं, मग वेल्डर टाके मारून मोकळा होतो. त्यात खांब थेट हौदाच्या पत्र्यावर चिकटवलेला. गाडी खड्ड्यात आदळली की सगळा हिसका त्या सांध्यावर येतो आणि पत्रा कागदासारखा फाटतो. तिथे 6 मिमीची बेसप्लेट, पत्र्याच्या खालूनही तेवढीच प्लेट, प्रत्येक खांबाला चार एम12 (12 मिमी जाडीचे) बोल्ट, नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले, हादऱ्याने सैल न होणारे) आणि कोपऱ्यात त्रिकोणी पट्टी हवी. बोल्टच्या डोक्यावर 8.8 हा मजबुतीचा आकडा कोरलेला नसेल तर तो परत करा.

म्हणून काम किलोवर द्यावं, तर खेळ उलटा फिरतो. गाडी आधी रिकाम्या टाकीने काट्यावर चढवतात, रॅक बसवल्यावर टाकी भरून. 40 लिटर डिझेल म्हणजे तेहतीस किलो, आणि ते लोखंडाच्या भावाने तुमच्या बिलात! त्यात मोठ्या वजनकाट्यावर पाच-दहा किलो इकडेतिकडे होतातच. पाइप कापायच्या आधी छोट्या काट्यावर तोला, उरलेले तुकडे शेवटी तोलून वजा करा.

लोखंड स्वतःच्या नावाच्या बिलावर घ्या, बिलावर गेज आणि वजन दोन्ही लिहून घ्या. पाइप बदलले जाऊ नयेत म्हणून दर दोन फुटांवर सेंटर पंचची (हातोडीने ठोकायच्या टोकदार हत्याराची) खूण मारा. ऑइलपेंटची खूण ग्राइंडरने सेकंदात जाते. 2 मिमी पाइपला 2.5चा रॉड पुरतो. वेल्डिंग झालं की रंगाआधी बघायला जा, 'उद्या या, रंग मारून ठेवतो' हे ऐकून घेऊ नका. प्रत्येक खांबाच्या तळाशी 6 मिमीचं भोक मागा : पाणी निघून जातं आणि भोकाच्या कडेला पाइपची जाडीही दिसते.

'आरटीओचं मी बघतो' या वाक्याला वेगळे पैसे मोजू नका. गाडीत फेरफार केल्याची जबाबदारी मोटार वाहन कायदा, 1988च्या कलम 52खाली मालकावर येते, फॅब्रिकेटरवर नाही. काम देण्याआधी स्वतः कार्यालयात विचारून घ्या. शेवटचा हप्ता भरल्या मालाची एक खेप होऊन बोल्ट पुन्हा आवळून झाल्यावरच द्या.